त्याच्या नावापुढची ओळ

गंगापूर रोडच्या आतल्या अंगाला, मी जिथे नोकरीची सगळी वर्षं मराठी शिकवलं त्या शाळेपासून पाच मिनिटांवर, एक लहानशी बाग आहे. बागेत घसरगुंडी आहे, बाकं आहेत आणि मधोमध जवानांचं स्मारक आहे. सिमेंटची उलटी बंदूक, तिच्यावर हेल्मेट, खाली काळा दगड आणि दगडावर पाच नावं. आसपासच्या वस्त्यांतून आणि मळ्यांतून सैन्यात गेलेली, परत न आलेली पाच माणसं. दर सव्वीस जानेवारीला झेंडावंदन आटोपलं की तिथे कार्यक्रम होतो. एकेक नाव पुकारायचं, त्या माणसाला मरण कसं आलं याची एक ओळ वाचायची, मग घरच्यांनी पुढे येऊन फुलं वाहायची. ही नावं आणि ओळी कितीतरी वर्षं मी वाचत आले. ओळीही मीच लिहिल्या होत्या. त्यातल्या पाचव्या ओळीबद्दल मला सांगायचं आहे. सांगून काही सुधारेल असं वाटत नाही, पण मनात ठेवून जगणंही जमेनासं झालं आहे.

पाचवं नाव माझ्या विद्यार्थ्याचं. गंगापूर धरणाकडे जाताना जे फुलांचे मळे लागतात, त्यातल्या एका मळ्यावरचा तो मुलगा. सकाळी झेंडू तोडून मग शाळेत यायचा, त्यामुळे बोटं कायम हिरवट असायची. अभ्यासात बेताचा होता. निबंध लिहायला सांगितला की चार वाक्यांपुढे गाडी जायची नाही. एकदा मी ‘माझे वडील’ हा विषय दिला. बाकीच्यांनी पानं भरली. यानं लिहिलं होतं, “माझे वडील कमी बोलतात. त्यांना आईशी बोलायचे असले तर ते मला सांगतात. मग मी आईला सांगतो.” मी तो निबंध वर्गात वाचून दाखवला आणि मुलांना म्हटलं, लिहावं तर असं, जे आहे ते. तो खाली मान घालून बसला होता. कान लाल झाले होते.

बारावीनंतर तो भरतीची तयारी करू लागला. शाळेचा दाखला हवा होता म्हणून आला, आणि दाखला मिळाल्यावरही घुटमळत राहिला. शेवटी म्हणाला, आई नको म्हणते. तुम्ही एकदा बोलाल का तिच्याशी.

मी गेले. मळ्यातल्या दोन खोल्यांच्या घरासमोर त्याची आई शेवंतीच्या जुड्या बांधत बसली होती. माझ्याहून दोन-चार वर्षांनी लहान असेल. मी तिला ताई म्हणत असे आणि ती मला, सगळ्या पालकांसारखी, बाई म्हणायची. मी तिला पगाराचं सांगितलं, पेन्शनचं सांगितलं, आणि मग सांगितलं की आता पूर्वीसारखी युद्धं होत नाहीत. ती ऐकत राहिली. जुडी बांधून झाल्यावर एवढंच म्हणाली, “बाई, तुम्ही म्हणता तर जाऊ दे.” हे वाक्य मी नंतर किती वेळा आठवलं याला गणती नाही. तिनं त्याला सैन्यात सोडलं नव्हतं. माझ्या शब्दावर सोडलं होतं.

पाचव्या वर्षी तो गेला. युद्ध नव्हतंच. उंचावरच्या एका चौकीवर पहाटे बर्फाचा कडा तुटून तंबूवर आला आणि आतली माणसं दबली. घरी जो निरोप आला त्यात हे स्वच्छ सांगितलं होतं. पेटी आली तेव्हा सगळा गंगापूर रोड माणसांनी भरला होता. दुकानं बंद होती, शाळेची मुलं रांगेत उभी होती, घोषणा चालल्या होत्या. त्याचे वडील पेटीपाशी उभे होते आणि कुणाशीच बोलत नव्हते. त्या वेळी त्यांचं बोलणं आईपर्यंत पोचवायला आता तो नाही, हे माझ्याशिवाय तिथे कुणाच्या लक्षात आलं असेल असं मला वाटत नाही. दोन वर्षांत तेही गेले.

स्मारक त्यानंतरचं. परिसरातल्या लोकांनी समिती केली. अध्यक्ष झाले ते बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ होते. त्यांचा थोरला भाऊ फार पूर्वीच्या एका युद्धात गेला होता, दगडावरचं पहिलं नाव त्याचंच. ते माझ्याकडे आले आणि म्हणाले, मॅडम, प्रत्येकाविषयी एकेक ओळ लिहून द्या, कार्यक्रमात तुम्हीच वाचा. मी आनंदाने हो म्हटलं. पहिली चार माणसं मी पाहिलेली नव्हती. घरच्यांनी जे सांगितलं त्यावरून लिहिलं. पाचव्यासाठी लिहिलं, “सीमेवरील चौकीत असताना हिमकडा कोसळून मृत्यू.”

अध्यक्षांनी कागद वाचला आणि तिथे बोट ठेवलं. त्यांचं म्हणणं, बाकी चारही जण लढता लढता गेले, यालाच तेवढं बर्फ कोसळून गेला म्हटलं तर लोकांना तो कमी वाटेल. त्याच्या आईला काय वाटेल? आवाजात खरोखर काळजी होती. मी पेन घेतलं आणि त्यांच्यासमोर ती ओळ खोडून दुसरी लिहिली. “मातृभूमीचे रक्षण करताना शत्रूशी झुंजता झुंजता वीरमरण पत्करले.” एक मिनिटही लागलं नसेल. चहा अजून गरम होता. घरी परतताना मी मनाची समजूत घातली की आईसाठीच केलं. आईला विचारावं असं मात्र एकदाही मनात आलं नाही.

मग दरवर्षी मी ती ओळ वाचत राहिले. माझा आवाज बरा आहे, उच्चार स्वच्छ आहेत, लोक कौतुक करायचे. आई पहिल्या रांगेत, पाहुण्यांसाठी ठेवलेल्या खुर्चीत बसायची. नाव पुकारलं की उठून यायची, मळ्यातला झेंडू दगडावर ठेवायची, परत जाऊन बसायची. सुरुवातीच्या वर्षांत सगळं शांतपणे व्हायचं. मी लहानपणापासून विहारात जात आलेली. गेलेल्या माणसाची आठवण काढायची म्हणजे सगळ्यांनी मिळून गप्प उभं राहायचं, हीच आमची सवय. म्हणून मला ते बरं वाटायचं. पुढे मोठे स्पीकर आले, गाणी आली, प्रत्येक ओळीनंतर टाळ्या सुरू झाल्या. लोक बंदुकीला टेकून फोटो काढू लागले. “वीरमरण” या शब्दाला टाळी ठरलेली असायची. मीही नकळत त्या शब्दानंतर थांबायला लागले.

मी निवृत्त झाले, इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये राहायला आले. कार्यक्रमाला तेवढी रिक्षा करून जात असे. दिवाळी उलटून गेलेली, एका दुपारी दार वाजलं. दारात त्याची आई उभी होती. इतक्या वर्षांत ती माझ्या घरी कधी आली नव्हती. दोन बस बदलून, पत्ता विचारत विचारत आली होती. मी पाणी दिलं, चहा ठेवला. ती खुर्चीवर न बसता खाली बसली, म्हणून मीही खाली बसले.

तिनं जे सांगितलं ते असं. आठवड्यापूर्वी त्याच्या पलटणीतला एक जण मळ्यावर आला होता. तो आता नोकरी संपवून गावी परतत होता आणि जायच्या आधी भेटायचं म्हणून मुद्दाम वाट वाकडी करून आला. त्या पहाटे तो दुसऱ्या तंबूत होता म्हणून वाचला. उजाडल्यापासून त्यांनी हातांनी, फावड्यांनी बर्फ उपसला. दुपारनंतर तिचा मुलगा सापडला. अंगावर कुठे खरचटलेलंही नव्हतं. पण तोंडापुढचा बर्फ श्वासाच्या उबेनं वितळून पुन्हा गोठला होता, काचेसारखा. म्हणजे आत तो बराच वेळ जिवंत होता. एवढं सांगून तो माणूस रडला आणि तिच्या पाया पडला. इतकी वर्षं हे तो कुणाला बोलला नव्हता.

“तो वाट बघत होता बाई,” ती म्हणाली. “कुणीतरी काढंल म्हणून वाट बघत होता.”



“तवापासून मला अंगावर गोधडी घेववत नाय,” ती म्हणाली. मग तिनं विचारलं, “त्यात शत्रू कुठं हाय, बाई?”

मी म्हटलं, “ताई, ती ओळ मी तुमच्यासाठी लिहिली होती.”

“मला ती कळायचीच नाय,” ती म्हणाली. “लोकं टाळ्या वाजवायची, मला वाटायचं काय तरी चांगलं असंल. आता कळली. आता ती ऐकवत नाय. माझं लेकरू एकटं गेलं, गारठून. तेवढं वाचा. दुसरं काय नको मला.”

चहा तिनं घेतला नाही. निघताना म्हणाली, “तुम्ही त्याचं वर्गात वाचून दाखवलं होतं. घरी येऊन सांगितलं होतं त्यानं, बाई म्हणल्या जे आहे ते लिही.” तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तेच जास्त लागलं.

जानेवारीच्या सुरुवातीला मी अध्यक्षांकडे गेले आणि सगळं सांगितलं. बर्फाचं ऐकून ते कितीतरी वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. मला वाटलं, त्यांना पटलं. पण त्यांनी मान हलवली.

“मॅडम, माझा भाऊ कसा गेला हे आम्हाला कुणी कधी सांगितलं नाही,” ते म्हणाले. “पेटीसुद्धा आली नाही. आई जाईपर्यंत विचारत होती. माझ्याकडे तुमची ती एक ओळ आहे, ‘शत्रूची चौकी काबीज करताना’. तीही मीच तुम्हाला सांगितलेली, आणि मला कुणीच सांगितलेली नाही. तुम्ही एक ओळ बदललीत की लोक बाकीच्यांचंही विचारतील. मग मी काय सांगू?”

 त्यांची गोष्ट खोटी होती आणि त्यांचं दुःख खरं होतं. मी म्हटलं, बघते. पुढचे पंधरा-वीस दिवस मी रोज ठरवत होते की यंदा खरं वाचायचं, आणि रोज संध्याकाळी अध्यक्षांचा चेहरा डोळ्यांसमोर येत होता.

सव्वीस जानेवारीला हातात जुनी फाईल घेऊन मी माइकसमोर उभी राहिले. आई पहिल्या रांगेत होती. कडाक्याची थंडी होती, सगळे स्वेटर-मफलर घालून आले होते आणि ती नुसत्या लुगड्यात बसली होती. ती माझ्याकडे अशी बघत होती की जणू आज तिला काही मिळणार आहे. मी चार नावं वाचली. पाचवं नाव घेतलं. तोंडातून जी ओळ आली ती जुनीच आली. पाठ झालेली होती, न अडखळता आली, आणि “वीरमरण”पाशी मी सवयीनं थांबलेसुद्धा. टाळ्या झाल्या. ती उठली नाही. अध्यक्षांनी दोनदा खूण केली तरी उठली नाही. शेवटी कुणीतरी तिच्या मांडीवरची फुलं उचलून दगडावर ठेवली. कार्यक्रम संपायच्या आत ती निघून गेली होती.

ते वर्ष मी कसं काढलं ते लिहीत नाही. घरात मिस्टर विचारायचे, तब्येत बरी नाही का. मी हो म्हणायचे.

पुढच्या सव्वीस जानेवारीला मी फाईल घरीच ठेवली. एका चिठ्ठीवर लिहून नेलं होतं. पाचव्या नावाला मी वाचलं, “सीमेवरच्या चौकीत बर्फाच्या कड्याखाली दबून मृत्यू. साथीदारांनी बाहेर काढेपर्यंत तो बराच वेळ जिवंत होता, एकटा होता.”  मला वाटलं होतं, सगळं गप्प होईल, कुणीतरी विचारील, कुणीतरी रागावेल. टाळ्या झाल्या. नेहमीइतक्याच झाल्या. मागे मुलं बिस्किटाच्या पुड्यांसाठी रांग लावत होती. एका बाईंनी मला नंतर हात जोडून सांगितलं, तुमचं वाचन ऐकून अंगावर काटा येतो, दरवर्षी येतो.

आई आली नव्हती. पहिल्या रांगेतली तिची खुर्ची रिकामी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फुलबाजारात गेले. ती टोपलीपुढे बसली होती, मला पाहून तिनं ओळख दाखवली. मी वाकून तिला सांगितलं की काल खरं वाचलं, सगळ्यांसमोर वाचलं. तिनं गिऱ्हाइकाला झेंडू तोलून दिला.

“मी नव्हते ना तिथं,” ती म्हणाली. एवढंच. मग पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली.

एक माणूस मात्र असा होता ज्यानं त्या दिवशी ऐकलं होतं. अध्यक्ष माझ्याशी भांडले नाहीत. घरी येऊन, शाल-श्रीफळ देऊन, त्यांनी मला वाचनाच्या कामातून मोकळं केलं. आता रेकॉर्डिंग लावू म्हणाले, तुम्हाला थंडीत त्रास नको. आणि उन्हाळ्यात स्मारकाच्या मागे ग्रॅनाइटची नवी पाटी बसली. पाचही ओळी तिच्यावर कोरल्या आहेत, जुन्या फाईलमधल्या, शब्दाला शब्द. माझी खरी ओळ कागदाच्या चिठ्ठीवर होती, ती कुठे गेली मला माहीत नाही. खोटी आता दगडावर आहे, आणि तिच्याखाली ‘शब्दांकन’ म्हणून माझं नाव आहे. मी गप्प राहिले असते तर ती निदान हवेत विरून जात राहिली असती, वर्षातून एकदा. तिला दगड मी मिळवून दिला.

पाटी काढून टाका म्हणून मी दोनदा अर्ज लिहिला. अध्यक्ष दोन्ही वेळा अतिशय आदरानं बोलले. तिसरा अर्ज मी लिहिला नाही.

पावसाळ्याच्या शेवटी मला आईचा फोन आला, कुणाच्या तरी मोबाइलवरून. नवीन काहीतरी लिहिलंय म्हणतात, बाई, मला वाचून दाखवा. मी नाही म्हणू शकले नाही. आम्ही बागेत भेटलो. दुपारची वेळ होती, बाकावर एक म्हातारा पेंगत होता, बाकी कुणी नव्हतं. ती पाटीसमोर उभी राहिली. तिला अक्षर येत नाही. तिनं विचारलं, त्याचं कुठलं? मी पाचव्या ओळीवर बोट ठेवलं.

“वाचा,” ती म्हणाली.

मी वाचलं. “सीमेवरच्या चौकीत बर्फाच्या कड्याखाली दबून मृत्यू. साथीदारांनी बाहेर काढेपर्यंत तो बराच वेळ जिवंत होता, एकटा होता.”

तिनं तळहात त्या अक्षरांवरून फिरवला, पहिल्यापासून शेवटपर्यंत, सावकाश. ‘शत्रू’वरून फिरवला, ‘वीरमरण’वरून फिरवला. मग पदरानं डोळे पुसले आणि माझा हात धरला. म्हणाली, “आता बरं हाय. आता खरं लिहिलं तुम्ही.” मी तिच्या हातातून हात सोडवून घेतला नाही. त्याच्या ओळीबद्दल मी दोन वेळा खोटं बोलले, एकदा लिहून आणि एकदा पाटीवर नसलेलं वाचून, आणि दोन्ही वेळा तिच्या भल्यासाठी बोलले.

त्यानंतर ती दर अमावास्येला तिथे फुलं घेऊन जाते असं ऐकते. मी त्या रस्त्यानं जात नाही. बागेत येणाऱ्या-जाणाऱ्या कुणीही, शाळेतल्या कुठल्याही मुलानं ती ओळ तिला मोठ्यानं वाचून दाखवली तर काय, या विचारानं मला दिवसा घरात बसवत नसे.

ते झालं नाही. वेगळंच झालं. त्याची धाकटी बहीण येवल्याला दिलेली आहे. ती माहेरी आली, आईबरोबर बागेत गेली. चार दिवसांनी तिचा मला फोन आला. तीही माझीच विद्यार्थिनी. बाई, तुम्ही आईला काय वाचून दाखवलंत, असं तिनं शांतपणे विचारलं. मी सगळं सांगितलं, काही राखलं नाही.  

“आईनं मला तिथं उभं केलं आणि म्हणाली, वाच,” ती म्हणाली. “मी आधी मनात वाचलं. मग तिच्याकडे बघितलं. ती डोळे मिटून उभी होती, तुमचे शब्द तिला पाठ आहेत. ती आधी म्हणत होती आणि मी तिच्या मागून म्हणत होते, वाचल्यासारखं. मी वाचलं, बाई. आता दर वेळी वाचावं लागेल.”

मी तिची क्षमा मागितली. ती म्हणाली, ते राहू द्या. आणि मग, फोन ठेवताना, तिनं सांगितलं की तिची मुलगी यंदा पहिलीत गेली, अजून अक्षर लावून वाचते. तिला आजीबरोबर तिथं जाऊ द्यायचं की नाही, असं तिनं मला विचारलं.